खरी यादी

सांगली
भाद्रपद वद्य प्रतिपदा, सोमवार
७ सप्टेंबर १९९८

ती. दादा,

जय जिनेंद्र.

इकडे अण्णा, मी आणि दुकान, तिघंही ठीक आहोत. अण्णांनी यंदाही पर्युषणाचे दहाच्या दहा उपवास केले. काल पारणं झालं. वजन उतरलंय, आवाज आहे तेवढाच आहे. हळदीला उठाव नाही. कॉम्प्युटर क्लासची नवी बॅच आजपासून सुरू झाली, अकरा मुलं-मुली आहेत. वहिनीचं पाठीचं दुखणं कसं आहे ते कळव. तिला म्हणावं, खाली वाकून मशीनच्या वायरी लावत बसू नकोस, ते काम नवऱ्याचं आहे.

अण्णा समोर आरामखुर्चीत बसून माझ्या पेनाकडे बघताहेत. "चंदे, कळत-नकळत ल्हिवलंस का? त्ये आदुगर ल्ही, बाकीचं मागनं," म्हणतात. तर लिहिते. गेल्या वर्षभरात कळत-नकळत, मनाने, वाचेने, कायेने माझ्याकडून तुझं मन दुखावलं गेलं असेल तर आज क्षमावणीच्या दिवशी उत्तम क्षमा. वहिनीलाही उत्तम क्षमा.

अण्णा बस्तीत दर्शनाला गेले. फाटकाची कडी वाजली. आता पुढचं मी माझ्या मनानं लिहिते.

मी तुझं काही दुखावलेलं नाही, दादा. वर्षभराचं आठवून बघितलं, एकही गोष्ट सापडली नाही. तुझं छापील कार्ड मात्र सकाळीच पोचलं. वर कमळ, खाली "उत्तम क्षमा", आणि पत्त्यात अण्णांचं नाव, पुढे "आणि सर्व मंडळी". ती सर्व मंडळी म्हणजे मी. घरात दुसरं आहे कोण?

जूनमध्ये पोवई नाक्यावर तुझ्या साताऱ्याच्या क्लासचं उद्घाटन झालं. मी पहाटेच्या एसटीनं आले, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ती पेटी घेऊन. पेटी म्हणजे काय, तर मार्केट यार्डातल्या एका अडत्यानं टाकून दिलेलं चारशे शहाऐंशी जातीचं जुनं मशीन, ज्याच्या पंख्यावर बोटभर हळद बसली होती. चार महिने मी त्याच्यामागे होते. हार्ड डिस्क काढली. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून, विंडोजच्या जागी चालणारं, फुकटचं लिनक्स घेतलं, कापून कापून एका फ्लॉपीत बसवलं. मशीन एकमेकांना जोडणारं एक कार्ड, फोनला जोडणारा एक मोडेम. आणि आपल्या एकुलत्या एक फोनवर सहा मशीन एकदम इंटरनेटला लागली. अण्णांना मी समजावलं, लाइन एकच आहे, ही पेटी ती सहा जणांना वाटून देते. अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजी दारं धरणारा गडी हाय ह्यो." उसाच्या सरीत पाणी सोडलेल्या माणसाला ते एका वाक्यात कळलं. तू त्या चार महिन्यांत बॅचच्या वेळांचे बोर्ड रंगवत होतास. छान रंगवलेस, ते नाकारत नाही.

उद्घाटनाला तिथल्या एका शिक्षण संस्थेच्या सचिव आल्या होत्या, विनोदिनीबाई. पेटीपाशी दहा मिनिटं थांबल्या. "हे कुणी बनवलं?" त्यांनी विचारलं. तू म्हणालास, "आमच्याकडेच बनवलंय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. तू म्हणालास, "ही धाकटी बहीण, चंदना. टायपिंग बघते."

मी पेढे वाटले. उरलेले डब्यात भरले. निघताना माझी निळी वही मागितली तर म्हणालास, "राहू दे इथं, लागेल." संध्याकाळच्या गाडीनं परत आले. कऱ्हाडच्या स्टँडवर शेजारच्या बाईनं विचारलं, साताऱ्याला कुणाकडे गेला होता? मी म्हटलं, कुणाकडे नाही.

वहिनीच्या पत्रातून कळलं की संस्थेच्या आठ शाळांना अशा पेट्या द्यायचं काम तुला मिळालंय. कोरेगाव, फलटण, कोयनानगर आणि कुठं कुठं, सव्वीस जानेवारीच्या आत. निळ्या वहीत फ्लॉपी कशी करायची ते आहे. सामान कुठलं घ्यायचं ते नाही, ते माझ्या डोक्यात आहे. आज क्षमावणी, आजच्या दिवशी खोटं बोलायचं नसतं, म्हणून लिहून देते.

मशीन नवं घेऊ नकोस. बँका आणि साखर कारखाने जुनी चारशे शहाऐंशी काढून टाकताहेत, भंगारच्या भावानं मिळतील. त्यातली डिस्क काढूनच टाक. लाइट दिवसातून चारदा जाते, डिस्क असली तर बिघडणार. फ्लॉपीवरची पेटी लाइट आली की आपली आपण उठते.

कार्डही जुनंच घे. ज्याच्यावर बारीक काळ्या टोप्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. त्या हातानं काढून-घालून नंबर ठरवायचा. नव्या खोक्यातली, सगळं आपोआप करणारी कार्डं विंडोजशिवाय तोंड उघडत नाहीत. आपला प्रोग्रॅम उघडा आहे, कुणीही आत बघून दुरुस्त करावा असा. त्या कार्डांच्या कंपन्या आतलं काही कुणाला सांगत नाहीत, मग आपल्या प्रोग्रॅमला ती कळणार कशी?

मोडेम बाहेर ठेवायचा घे, दिव्यांचा. आत बसवायचा निम्म्या किमतीत मिळतो, पण त्याला डोकंही निम्मंच असतं. उरलेलं तो विंडोजकडून उसनं घेतो. विंडोजवर लावून बघशील तर झकास चालेल, आणि तिथंच फसशील.

थोडक्यात, जुनं, जाड आणि कुरूप ते घे. संस्थेच्या लोकांपुढे मांडताना लाज वाटेल, पण चालेल. घ्यायचं तर घे, नाहीतर तू थोरला आहेस.

तुझी, टायपिंग बघणारी,
चंदना


सांगली
भाद्रपद वद्य प्रतिपदा, रविवार
२६ सप्टेंबर १९९९

दादा,

जय जिनेंद्र.

अण्णांचे उपवास यंदा पाचच झाले. सहाव्या दिवशी चक्कर आली, डॉक्टरांनी दटावलं, अण्णांनी डॉक्टरांना दटावलं, आणि शेवटी बस्तीतल्या पंडितांनी सांगितल्यावर मुगाचं पाणी घेतलं. आता बरे आहेत. यंदा ते माझ्यासमोर बसलेले नाहीत. आतल्या खोलीत पडलेत. सकाळी एवढंच म्हणाले, "काय ल्हिवायचं त्ये ल्ही. मला वाचून दावू नगंस." काहीतरी त्यांच्या कानावर गेलंय. किती, ते मला माहीत नाही.

तू भाऊबीजेला आला नाहीस, राखीला आला नाहीस. छापील कार्डसुद्धा आलं नाही. साताऱ्याचा क्लास बंद करून तू वहिनीच्या माहेरच्या भांड्याच्या दुकानात बसतोस, हे वहिनीनंच सांगितलं. आठ शाळांच्या पेट्या मी बसवल्या, तेही तुला कळलं असेलच. सगळ्या चालू आहेत. कोयनानगरला जुलैत धक्के बसले तेव्हा कपाटावरची पेटी सरकत भिंतीला जाऊन टेकली, पण बंद पडली नाही. हेडमास्तरांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. पेटीपेक्षा त्यांनाच जास्त धक्का बसला होता.

वहिनी ऑगस्टमध्ये आली तेव्हा म्हणाली, "हे म्हणतात, चंदीनं यादी खोटी दिली, म्हणून सगळं बुडालं." तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. यादी खरी होती, दादा. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याच यादीनं मी आठ पेट्या उभ्या केल्या. कारखान्यातून काढलेली मशीन, जंपरवाली कार्डं, दिव्यांचे मोडेम. तू घेतलेल्या कार्डांतलं एकही मला वापरता आलं नाही.

ती खरी होती, हाच डाव होता.

तू काय करशील ते मला पक्कं माहीत होतं. हरिपूरला संगमावर आपण पोहायला जायचो, मी आठ वर्षांची, तू बारा. मी म्हटलं, दादा, त्या दगडापलीकडे खोल आहे, ज्योतिबा नावाड्यानं सांगितलंय. तू म्हणालास, चंदी मुद्दाम सांगते, तिकडे मासे असणार. आणि नेमका तिथंच उतरलास. ज्योतिबानं केस धरून तुला बाहेर काढलं, आणि घरी आल्यावर मार मी खाल्ला, मी तुला तिकडे नेलं म्हणून. मी सांगितलेलं कधी खरं असू शकतं, हे तुझ्या मनाला त्या दिवशीही शिवलं नाही आणि पुढेही नाही.

म्हणून मी गेल्या वर्षी ते पत्र तसं लिहिलं. गोड लिहिलं असतं तर तू यादीवर विश्वास ठेवला असतास. तेव्हा आधी पेढ्यांचं ताट काढलं, पानभर राग ओतला, मग यादी दिली. एवढी चिडलेली बहीण खरं कशाला सांगेल, असं तुला वाटावं म्हणून. "जुनं, जाड आणि कुरूप घे, लाज वाटेल" हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं होतं, नीट बसेपर्यंत. तुला काय टोचतं ते मला ठाऊक आहे. चार माणसांत तुझं सामान भंगार दिसणं तुला सहन होत नाही. लहानपणी ठिगळाची चड्डी घालून शाळेत जायचं नाही म्हणून दोन दिवस तापाचं सोंग केलं होतंस.

आणि झालंही तसंच. तू पुण्याहून नवी कोरी कार्डं आणलीस, आतले मोडेम आणलेस. विंडोजवर लावून बघितलेस, झकास चालले. मी तेही लिहिलं होतं, की तिथंच फसशील. निळ्या वहीतलं बघून फ्लॉपीच्या आठ प्रती केल्यास. साताऱ्यातली एकच लाइन जुन्या पेटीला होती, म्हणून नव्या पेट्या नुसत्या चालू करून बघितल्यास. स्क्रीनवर ओळीवर ओळी धावल्या, म्हणजे झालं, असं धरून चाललास.

कोयनानगरचा सव्वीस जानेवारी मला विनोदिनीबाईंनी एप्रिलमध्ये सांगितला. समोर बसून, चहा घेत. हॉलमध्ये संस्थेची सगळी मंडळी, शाळेची मुलं सतरंजीवर, हेडमास्तरांच्या टेबलावर तुझी पांढरी पेटी, हार घातलेली. तू बटण दाबलंस. पहिलीच ओळ आली, इंग्रजीत, माझं नाव. चंदना, सांगली. ती ओळ मी फ्लॉपीत घातली होती, पेटी उठली की आधी तीच उमटते. ती काढायची कशी हे वहीत नव्हतं. बाईंनी मोठ्यांदा वाचली आणि विचारलं, "ही चंदना कोण?" तू म्हणालास, "माझी बहीण." बाई म्हणाल्या, "टायपिंग बघते ती?"

पुढे पेटीला ना कार्ड दिसलं, ना मोडेम. तू म्हणालास, टेलिफोनची लाइन खराब आहे. टेलिफोनचा माणूस तिथंच पेढा खात उभा होता. त्यानं रिसिव्हर उचलला, कानाला लावला आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा वर धरला. लाइन चांगली टूं टूं वाजत होती. मुलं हसली.

मी बाईंना हा भाग पुन्हा सांगायला लावला. लाइन वाजली तेव्हा दादाचं तोंड कसं झालं, हे विचारलं. त्या थोड्या चमकल्या, पण त्यांनी सांगितलं. त्या गेल्यावर जेवताना मला हसू आवरेना. अण्णांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, आमटीत मीठ जास्त पडलंय. अण्णांनी आमटी चाखली, त्यात मीठच नव्हतं.

आजच्या दिवशी, मला पश्चात्ताप होतो, असं लिहायची पद्धत आहे. मला होत नाही. तो हॉल, ती मुलं, ती टूं टूं, हे सगळं मी मनात कितीदा तरी बघितलंय आणि दर वेळी मला बरं वाटलंय. पेढ्यांचं ताट धरून उभी राहिले होते तेव्हापासून असं बरं वाटलं नव्हतं.

मेमध्ये मी कोयनानगरला गेले, तुझी पेटी बदलायला. घाटात दोनदा उलटी झाली, तरी गेले. पेटीचे स्क्रू काढले. आतलं काम तू फार निगुतीनं केलं होतंस, ते सांगायला हवं. वायरी सुतळीनं बांधलेल्या, प्रत्येक कार्डाला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, झाकणाच्या आत हळदीनं काढलेलं स्वस्तिक. आणि कार्ड हलू नये म्हणून फटीत घडी करून कोंबलेला एक कागद. तो काढला तर माझं पत्र. फक्त यादीचं पान. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण होती. जुनं मशीन, बरोबर. जंपर, बरोबर. बाहेरचा मोडेम, बरोबर. आणि नंतर शाईनं सगळ्या खुणा खोडलेल्या. पेन्सिल आधीची आणि शाई नंतरची, हे कुणालाही कळलं असतं.

म्हणजे तू आधी विश्वास ठेवला होतास.

तो कागद घेऊन मी तिथं बाकावर बसले. शाळेच्या शिपायानं विचारलं, "ताई, काय तुटलं का?" मी नाही म्हटलं.

आता फोनचं लिहिते. इतका वेळ ते टाळत होते, हे तुलाही कळलं असेल.

गेल्या ऑक्टोबरात, भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल, वहिनीचा फोन आला. तुमच्याकडे फोन असताना ती एसटीडी बूथवरून बोलत होती. म्हणाली, "चंदना, सामान घ्यायला ह्यांना उद्या पुण्याला जायचंय. तुझ्या पत्रात लिहिलंय ते खरं आहे का गं? तू नुसतं हो म्हण, मी त्यांना सांगते." मी म्हटलं, "मला काय कळतंय, वहिनी? मी टायपिंग बघते."

मी फोन ठेवून दिला.

ऑगस्टमध्ये वहिनीनं सांगितलं की तू तिच्याशेजारी बूथमध्ये उभा होतास. घरून फोन केला असता तर क्लासच्या पोरांनी ऐकलं असतं, म्हणून तिला घेऊन बूथवर गेलास. स्वतः बोलायचा धीर झाला नाही, म्हणून तिला बोलायला लावलंस. रिसिव्हरला तूही कान लावला होतास. माझं वाक्य तुला तिनं सांगावं लागलं नाही, तू स्वतः ऐकलंस. बाहेर आल्यावर पैसे द्यायलाही थांबला नाहीस, ते तिनंच दिले. घरी आल्यावर पेन घेऊन यादी खोडलीस.

वहिनीला मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं गं दादा शेजारी आहे ते. तिनं विश्वास ठेवला, ती चांगली आहे.

आज खोटं बोलायचं नसतं, दादा. मला ठाऊक होतं. वहिनीनं "खरं आहे का गं" म्हटलं तेव्हा मागं कुणीतरी खाकरलं. दोनदा खाकरून मग तिसरं खाकरणं दाबायचं, असं आपल्या घरात एकच माणूस करतो. परीक्षेचा निकाल विचारायचा असला की तू मास्तरांसमोर असाच खाकरायचास. मी ओळखलं. तू माझ्याकडे आलास, तुला जमेल तेवढा जवळ आलास, हे त्या क्षणी मला कळलं. "हो" म्हणायला किती वेळ लागला असता? माझ्या तोंडात तो शब्द होता. तो गिळून मी दुसरं बोलले, आणि तू ऐकावंस म्हणूनच जरा मोठ्यानं बोलले.

पत्राचा मला पश्चात्ताप नाही. पत्र खरं होतं. कोयनेच्या हॉलचा तर नाहीच. पण तो फोन कधीकधी भाजी चिरताना आठवतो आणि मी सुरी खाली ठेवते. यापलीकडे त्याचं मला लिहिता येणार नाही.

आता कामाचं. विनोदिनीबाईंनी आणखी सोळा शाळा दिल्या आहेत, बऱ्याचशा माण-खटावकडच्या. दिवाळीनंतर सुरुवात. पेट्या मी बनवीन. पण वर्गावर्गातून वायर ओढायला, मशीन उचलून न्यायला, आणि मुख्य म्हणजे हेडमास्तरांशी बोलायला मला माणूस हवाय. मी बोलायला लागले की दहा मिनिटांत भांडण होतं. तुझ्यासारखं गोड बोलणारं आपल्या सात पिढ्यांत कुणी झालं नाही, आणि वायर तू सुतळीनं बांधतोस तशी मला बांधता येत नाही. भांड्याच्या दुकानात तुझं हे सगळं वाया चाललंय. वहिनीलाही तसंच वाटतं, पण ती तुला बोलणार नाही.

माझी अट एक आहे. प्रत्येक शाळेत, हेडमास्तर आणि सगळे मास्तर असताना, पेटी चालू करायच्या आधी तू म्हणायचं: "ही माझी बहीण चंदना. पेटी हिनं बनवली. मी वायर ओढतो." हेच शब्द. "आम्ही बनवली" नाही, "आमच्याकडे बनवली" नाही. सोळा शाळांत सोळा वेळा. आणि पेढे वाटायचे झाले तर ताट तू धरायचं.

हा सूड आहे का, असं विचारशील. आहे. उरलासुरला सगळा यात घातलाय, यानंतर माझ्याकडे शिल्लक राहणार नाही. तू यायचं नाकारलंस तर मी दुसरा माणूस बघीन आणि तुझ्यावरचा राग पुढच्या क्षमावणीपर्यंत जपून ठेवीन. मला तो जपता येतो, तुला माहीत आहे.

त्या फोनबद्दल मला तुला काहीतरी म्हणायचंय. पत्रात म्हणणार नाही, छापील कार्डावर तर नाहीच. पहिल्या शाळेत तू तुझं वाक्य सगळ्यांसमोर म्हण. मग मी माझं तुझ्यासमोर म्हणेन. आधी तू.

यादी पुन्हा सोबत जोडली आहे. तीच आहे, कोयनेच्या पेटीत सापडलेलं तेच पान, तुझ्या खुणांसकट. खाली फक्त सोळा शाळांची नावं वाढवली आहेत. खरी आहे का अशी शंका आली तर फोन कर. वहिनीला करायला लावू नकोस. खाकरून झालं की स्वतः बोल. मीच उचलीन, आणि या खेपेला जे विचारशील त्याचं उत्तर देईन.

पाकीट चिकटवत होते तेवढ्यात अण्णांनी आतून हाक मारली. "चंदे, कळत-नकळत ल्हिवलंस का?" मी म्हटलं, अण्णा, यंदा नकळत काही झालेलंच नाही. सगळं कळत लिहिलंय. ते आत खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "आसू दे. धाड."

पेटी बनवणारी, तुझी बहीण,
चंदना